वॉर्ड तीनच्या कुरडया

होळी झाली आणि सत्यभामाबाईंची खाट घराबाहेर पडली. भांडण नाही, तंटा नाही. झालं एवढंच, की त्यांच्या सुनेनं, संजीवनीनं, बुलडाण्याहून कुरडयांचं मशीन आणलं आणि धामणखेडच्या त्या दीड खोलीच्या घरात ते ठेवायला एकच कोपरा निघाला. पंख्याखालचा.

"आत्याबाई, दोनच महिने," संजीवनी म्हणाली. "उन्हाळा सरला का मशीन झाकून ठेवीन. मंग तुमची खाट पुन्हा पंख्याखाली."

"उन्हाळा सरल्यावर पंखा कायले पायजे वं मले?"

संजीवनीनं तोवर खाटेचा एक पाय धरलाही होता. खाट ओट्यावर गेली, निंबाच्या सावलीत. सावली दुपारी बारानंतर सरकत सरकत शेजारच्या गोजरबाईंच्या दारात जायची आणि सत्यभामाबाई खाट ओढत तिच्या मागे मागे. गोजरबाई रोज म्हणायच्या, "या, आल्या का माह्या घरी राहाले?"

आता या मशीनमागे काय होतं ते सांगायला हवं. धामणखेडला शेखर नावाचा नवा ग्रामसेवक आला होता. चष्मेवाला, हसतमुख, आणि कपाट उघडं ठेवायची खोड असलेला. आधीचे ग्रामसेवक कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरायचे. यानं पंचायतीच्या सगळ्या याद्या इंटरनेटवर टाकल्या. कोणत्या वॉर्डात किती घरं, कोणत्या दिवशी कुठं नळ येणार, वर्षभरात कुठं किती जन्म, किती मयती, आठवडी बाजारात कशाची किती दुकानं बसतात. ज्याच्या हातात फोन, त्यानं पाहावं. आणि फोन नाही त्यांच्यासाठी तेच कागद पंचायतीच्या भिंतीवर चिकटवले.

"माहिती लोकांची हाये, कपाटात ठेवली तर तिले कसर लागते," असं तो म्हणायचा.

लोकांनी दोन दिवस कागद वाचले, आपल्या वॉर्डातली घरं मोजून पाहिली आणि विसरून गेले. मग शेखरनं ग्रामसभेत ठराव करून घेतला. बसथांब्याजवळची जुन्या कोंडवाड्याची खोली रिकामी होती. या याद्यांवरून गावात जो कोणी नवा धंदा काढेल आणि तो जास्तीत जास्त घरांच्या उपयोगी पडल्याचं सह्या आणून दाखवेल, त्याला ती खोली वर्षभर बिनभाड्यानं. फैसला एक मेच्या ग्रामसभेत.

कोंडवाडा म्हटलं की सत्यभामाबाईंना आपली चांदणी म्हैस आठवायची. लग्नाला चार वर्षं झाली असतील तेव्हा. चांदणी कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली आणि कोंडवाड्यात गेली. सत्यभामाबाई सोडवायला गेल्या, तर किल्लीवाला मोताळ्याच्या बाजाराला गेलेला. मग काय, भिंतीच्या आत म्हैस आणि बाहेर या, अशी अख्खी दुपार दोघींनी गप्पा मारत काढली. चांदणी मधून मधून हुंकार भरायची. सासरी इतकं ऐकून घेणारं त्या काळी दुसरं कुणी नव्हतं. आता म्हशी बांधून असतात, कोंडवाड्याचं काम संपलं. पण खोली अजून दणकट, दोन खिडक्या आणि छताला पंख्याची कडी.

त्या खोलीसाठी दोघं उभे राहिले. एक संजीवनी, आणि दुसरा वॉर्ड तीनमधला राजकुमार. राजकुमारनं थंड पाण्याचे जार सुरू केले. धामणखेडला नळ आठव्या दिवशी येतो. कोणत्या वॉर्डात सहावा-सातवा दिवस चालू आहे ते यादीत पाहायचं आणि नेमका त्याच गल्लीत जार घेऊन जायचं. तोवर घरातले माठ तळाला गेलेले असतात. पोरगं हुशार, नाही म्हणायची सोय नाही.

संजीवनीनं तीच यादी घेतली, पण उलट्या बाजूनं वाचली. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत घालावे लागतात आणि रोज पाणी बदलावं लागतं. चौथ्या दिवशी ते दळून चीक काढायचा आणि निवळत ठेवायचा. पाचव्या दिवशी सकाळी चीक शिजवायचा आणि गरम गरम कुरडया पाडायच्या. एवढं पाणी घरात कधी असतं? नळ आला की. म्हणजे ज्या वॉर्डात आज नळ, तिथं आज गहू भिजणार आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बायकांच्या तोंडाला फेस येणार. नेमकं त्या दिवशी आपण मशीन घेऊन दारात उभं राहायचं.

"सोऱ्या दाबून दाबून बायांचे खांदे जातात," ती गोकुळला, आपल्या नवऱ्याला, म्हणाली. "मशीन दळून देते, पाडून देते. त्याईनं फक्त चीक घाटायचा."

गोकुळ मोताळ्याच्या रस्त्यावर जीप चालवायचा. त्यानं सकाळच्या फेरीआधी मशीन जीपमध्ये घालून वॉर्डात पोचवायचं कबूल केलं. शिवाय निवडणुकीत वापरलेला भोंगा त्याच्याकडे पडून होता, तोही दिला.

वॉर्ड एकमध्ये नऊ घरं झाली. वॉर्ड दोनमध्ये सात. सोळा सह्या वहीत आल्या. संजीवनी घरी यायची तेव्हा तिच्या केसांना चिकाचा वास असायचा आणि चेहरा असा, की जणू तिला यंदा पाटीलकी मिळाली. राजकुमारच्या एकतीस झाल्या होत्या, पण त्याचा हिशेब तिथंच थांबणार होता. ज्यांना जार हवा होता त्यांनी घेतला होता. संजीवनीचा मात्र वॉर्ड तीन बाकी होता. सव्वीस घरं, मोठी कुटुंबं, लांबरुंद धाबी. तिथं घरटी दहा-दहा पायल्यांच्या कुरडया व्हायच्या.

"आत्याबाई, वॉर्ड तीन झाला का खोली आपली!"

सत्यभामाबाई खाटेवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्या ओठावर एक वाक्य आलं. ते त्यांनी शेंगदाण्याबरोबर गिळलं.

वाक्य असं होतं, की बाई गं, वॉर्ड तीनमधली बावीस घरं शंकररावांच्या भावकीची. शंकरराव दिवाळीआधी गेले. त्यांच्या भावकीत कुणी थोर माणूस गेलं की वर्षभर एकाही घरात वाळवण होत नाही. पापड नाही, कुरडई नाही, शेवया नाहीत. गहू भिजतच नाहीत.

संजीवनी माहेरची सुलतानपूरची, लोणारकडची. तिच्याकडे ज्या घरी मयत त्याच घराला वर्ष पाळतात. भावकीची ही रीत तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. सत्यभामाबाईंना होतं. पण पाठीखाली खाटेचा सुंभ टोचत होता, सावली सरकत होती आणि मनात एक कोपरा म्हणत होता, जाऊ दे मशीन एकदाचं, येऊ दे माझा पंखा.

अठरा एप्रिलला सकाळी जीप वॉर्ड तीनमध्ये शिरली. भोंग्यातून संजीवनीचा आवाज सगळ्या गल्लीत घुमला. "कुरडया करून मिळतील हो! भिजले गहू आणा, कुरडया घेऊन जा! मायबहिणींनो, लवकर या!"

एकही मायबहीण आली नाही. दोन दारं उघडली आणि हळूच लागली. एक म्हातारी बाहेर येऊन हात जोडून म्हणाली, "यंदा नाई वं बाई," आणि आत गेली. बाकीच्या चार घरांत वाळवण चालत होतं, पण शेजारी दुखवटा असताना आपण मशीन लावणं त्यांनाही बरं दिसेना. संजीवनी पाऊण तास उभी राहिली. शेवटी राजकुमारच जार घेऊन जाता जाता थांबला.

"वयनी, भोंगा बंद करा. आमच्या आबाले सहा महिने बी नाई झाले."

ती घरी आली तेव्हा तिनं भोंगा ओट्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. रडली नाही. रडली असती तर सत्यभामाबाईंना बरं वाटलं असतं.

"सगळ्या गल्लीसमोर तमाशा झाला, आत्याबाई. मी मयतीच्या दारात सण वाजवून आली. यादीत वॉर्ड तीनपुढं मयत एक लिहिलं होतं. एक! मी म्हटलं एक घर सोडून देऊ."

सत्यभामाबाईंनी सुपातली फोलं उगाच एका बाजूला केली. कोपऱ्यातलं मशीन आता नक्की जाणार होतं. पंखा परत येणार होता. तरी त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भावकीचं. सोमवारी तू म्हटलं तवाच माहीत होतं. बोलली नाई मी."

संजीवनीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग खाटेकडं पाहिलं. मग घराच्या आत, पंख्याकडं. सगळं तिच्या ध्यानात आलं असावं, पण ती एवढंच म्हणाली, "काऊन, आत्याबाई?" आणि उठून चुलीकडं गेली. त्या संध्याकाळी भाकरी तिनं वेळेवर वाढली, वर ठेचाही वाढला. तो ठेचा सत्यभामाबाईंच्या ताटात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेबीताई आल्या. शंकररावांची सून, राजकुमारची आई. भोंग्याची कुरबूर घेऊन आल्या असतील म्हणून सत्यभामाबाईंनी पदर सावरला. पण बेबीताई खाटेच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमची सून काई चुकली नाई. परक्या गावची लेक. उलट तिचा भोंगा आयकून मले घोर लागला. आखाजीले बाबाची पहिली घागर हाये. ताटात कुरडई नको काय? घरी करता येत नाई, अन् चिखलीहून पाकीट आणावं तर ते आंबट-आंबट लागते. बाबा जित्तेपणी पाकिटाले हात लावत नोते."

आखाजी, म्हणजे अक्षयतृतीया, तीस एप्रिलला होती. त्या दिवशी पितरांची घागर भरायची, पुरणपोळी, आमरस, भजी, पापड, कुरडई असं ताट वाढायचं. ज्या घरांत यंदा कुरडई करायची नाही, त्याच घरांना ती सगळ्यांत जास्त हवी होती.

सत्यभामाबाईंची नजर उंबऱ्यावर गेली. त्यांना बत्तीस वर्षांपूर्वीचा एप्रिल दिसत होता. त्यांचे यजमान हिंमतराव गेले त्या सालचा. घरात वाळवण नाही, मनात काही नाही. आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी टोपलं. वर धुतलेलं फडकं, आत पांढऱ्या शुभ्र कुरडया. कुणी ठेवलं ते सांगायचं नाही, आपणही विचारायचं नाही. टोपलं परत ठेवायचं ते मात्र मूठभर गहू घालून. तशी रीतच होती. शेजारच्या वॉर्डातल्या बाया आपल्याबरोबर दोन पायल्या जास्त भिजवायच्या आणि दुखवट्याच्या घरी पोचवायच्या. मग बाया नोकरीला लागल्या, कुणी बुलडाण्याला गेल्या, सोऱ्या माळ्यावर गेले. रीत कुणी मोडली नाही. कुणाला वेळ उरला नाही, एवढंच.

"गोजरे!" त्यांनी शेजारी हाक मारली. "माह्या दारात टोपलं तूनंच ठेवलं होतं नं, हिंमतरावाच्या साली?"

पलीकडून गोजरबाईंचं डोकं वर आलं. "सांगायचं नसते ते!"

"सांगू नको. यंदा पुन्हा ठेवशीन काय, ते सांग. आपल्या वॉर्ड एकमध्ये नळ कवा हाये वं?"

हा शेवटचा प्रश्न संजीवनीला होता. ती दारात उभी राहून ऐकत होती. तिनं फोन काढला, यादी पाहिली. "एकवीसले. म्हणजे पंचवीसले कुरडया पडतीन. तीन दिवस वाळल्या का अठ्ठावीसले तयार."

"गहू त्याईचे," सत्यभामाबाई म्हणाल्या, "पाणी वॉर्ड एकचं, हात आपले. त्याईच्या घरात गहू भिजला नाई पायजे, मशीन त्याईच्या गल्लीत गेलं नाई पायजे. अन् भोंगा," त्यांनी ओट्यावरच्या भोंग्याकडं बोट दाखवलं, "भोंगा गोजरीच्या गोठ्यात."

"पण बावीस घरं कोणची?" संजीवनी म्हणाली. "यादीत तर एकच आकडा हाये."

"लिव." सत्यभामाबाईंनी पाय वर घेतले आणि सुरू झाल्या. शंकररावांचं घर, त्याच्या मागचं इंद्रभानचं, विहिरीजवळचे दोघं भाऊ, वेगळी चूल मांडलेली धाकटी पाती, मुंजोबाच्या पारामागची तीन घरं. एकही घर गाळलं नाही. बावीस झाली तेव्हा बेबीताईंनी कौतुकानं कानशिलावर बोटं मोडली. "माय वं! मले बी दोन सुचली नसती."

मग दहा दिवस त्या ओट्यानं जो गोंधळ पाहिला, तो गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. एकवीसला पहाटे नळ आला. पाणी सोडणाऱ्या इंद्रभानला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण स्वतःचं घर त्या बाविसांत असल्यामुळे असेल, पाणी जरा जास्तच वेळ आलं. गोजरबाईंच्या अंगणात लहानमोठी बावीस पिंपं लागली. प्रत्येक पिंपावर खडूनं घराची खूण, कारण एका घरचा गहू दुसऱ्यात जाता कामा नये. रोज पाणी बदलायचं. सत्यभामाबाई काठी घेऊन एकेका पिंपाशी जायच्या, दाणा चिमटीत दाबायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाई," किंवा "आता झाला." मशीनला एवढं कळत नव्हतं, त्यामुळं त्यांना मशीनविषयी थोडी माया वाटू लागली होती.

पंचवीसला चीक घाटला. पहिली वाटी साखर घालून सत्यभामाबाईंच्या हातात आली. संजीवनीनं दिली. वाटी द्यायच्या आधी फुंकर मारून निववली. सत्यभामाबाईंना तेवढं पुरलं.

आणि कुरडया वाळायला जागा कमी पडली तेव्हा सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी वळले.

"नाई," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, तीनच दिवस."

खाटेवर जुनं लुगडं अंथरलं गेलं आणि तीन दिवस त्यावर शंकररावांच्या घरच्या कुरडया ऐसपैस पसरून उन्हात पडल्या. सत्यभामाबाई जमिनीवर सतरंजी टाकून त्यांची राखण करत बसल्या. कावळे हाकलता हाकलता गोजरबाईंना म्हणाल्या, "पयले मशीननं खाट काढली, आता कुरडईनं. माह्या नशिबी भुईच लिवली हाये." पण आवाज तक्रारीचा नव्हता.

अठ्ठावीसला सकाळी उजाडताना बावीस उंबऱ्यांवर बावीस टोपली होती. कुणी दार वाजवलं नाही. एकोणतीसला टोपली परत आली, प्रत्येकात मूठभर गहू, आणि गव्हाखाली घडी घातलेला कागद. त्यावर सही. एका टोपल्यात अंगठा होता.

एक मेला ग्रामसभा भरली. झेंडा झाला, शेखरनं दोन वह्या उघडल्या. राजकुमारच्या एकतीस. संजीवनीच्या आधी सोळा, मग एकेक नाव. वॉर्ड तीन, वॉर्ड तीन, वॉर्ड तीन. राजकुमार हाताची घडी घालून ऐकत होता. अडतिसावं नाव आलं, बेबीताई, वॉर्ड तीन, तसा तो उभाच राहिला.

"आई! तू बी?"

"खाली बैस," बेबीताई बायांच्या रांगेतून म्हणाल्या. "तुह्या आबाची घागर तुह्याच जारच्या पाण्यानं भरली का नाई? भरली. पण ताटात काय जार वाढू बे?"

सभा इतकी हसली की इंद्रभानला ठसका लागला. राजकुमारही हसला. जाऊन संजीवनीला म्हणाला, "वयनी, खोली तुमची. पण पिंपाले पाणी कमी पडलं तर जार माह्याकडूनच."

शेखरनं विचारलं, कोणत्या याद्या वापरल्या ते नोंदवायचं आहे.

"नळाची अन् मयतीची," संजीवनी म्हणाली. मग थांबली. "मयतीच्या यादीत एक होतं. त्या एकाची बावीस घरं आत्याबाईनं सांगितली. ते बी लिवा."

शेखर वही घेऊन सत्यभामाबाईंपाशी आला, जमिनीवर बसला. "आजी, भावकीची अशी यादी तुम्ही सांगाल काय? तीही भिंतीवर लावू. लोकांच्या कामी येईल."

सत्यभामाबाईंनी त्याच्याकडं आपादमस्तक पाहिलं. "लेका, समदं भिंतीवर लावलं तर मले कोण इचारीन?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "ज्याले पायजे त्यानं येऊन इचारावं. मी घरीच असतो."

घरी त्या फार नव्हत्या, ही गोष्ट वेगळी. मशीन कोंडवाड्यात गेलं, खाट पंख्याखाली आली. पहिल्या दुपारी सत्यभामाबाई पाठ टेकून पंख्याकडं पाहत पडल्या. गार वारा, शांतता, कुणाची सावली ओढायची नाही. दुसऱ्या दुपारी त्यांना पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. तिसऱ्या दुपारी गोकुळ जेवायला आला, तर खाट नव्हती आणि आईही नव्हती.

कोंडवाड्याच्या खिडकीपाशी, छताला नवा पंखा लागला होता त्याच्या बरोबर खाली, खाट टाकलेली होती. संजीवनी मशीनपाशी, आणि सत्यभामाबाई उशीला टेकून शेंगा फोडत. बाहेर बसची वाट पाहणारी एक बाई खिडकीशी वाकून विचारत होती, अमक्याची लेक तमक्या गावी दिली ती कोण.

गोकुळ दारात उभा राहिला. "आई, घरी चालतं का?"

"किल्लीवाला मोताळ्याले गेला," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पुढची शेंग फोडली.